तीन शतांश मिलिमीटर

सेमिनरी हिल्सच्या ऑफिसात, तळमजल्यावर,
पाण्याच्या बारीक धारेखाली
बाबांनी एकतीस वर्षं दगड घासले.
काचपट्टीला चिकटवलेला दगड
तीन शतांश मिलिमीटर उरेपर्यंत,
म्हणजे त्यातून उजेड जाईपर्यंत.
आणखी थोडा घासला तर दगडच नाही,
नुसती काच.
हे त्यांच्या बोटांना कळायचं.
मोजायला साहेब होते.

आजोबा गोळीबार चौकात मागावर धोतरं विणायचे,
खाली धरलेला हात दिसेल अशी.
बाबा म्हणायचे, आपल्या घराण्याले
जाड काही जमतच नाही.

साहेब जेवायला गेले की
ते मायक्रोस्कोपला डोळा लावत.
एकदा मलाही दाखवलं, मी तिसरीत होते.
राखाडी दगडाच्या पोटात
उभे-आडवे धागे,
तबकडी फिरवली की विझणारे, पुन्हा पेटणारे.
"पाह्य," म्हणाले, "ताणा. हा बाणा.
कोण्या कोष्ट्यानं विणलं असंल?"

दगड कुठला, ते गोणीवरच्या चिठ्ठीत असायचं.
सालईटोक. पट्टिताश्म. नमुना अमुक.
चिठ्ठी वाचून ते गाठ सोडायला बसत
आणि पाच मिनिटांनी शिव्या द्यायला.
"कोण बांधते बाप्पा ह्या गाठी?"
शेवटी ब्लेड.

यंदा वैशाखात म्हणाले, मले तिथं ने एक डाव.
आता खोकला असा,
की बोलता बोलता मधेच ठेच लागावी.
डॉक्टर नाही म्हणाले. मीही नाही म्हणाले.
मग गणेशपेठहून पहाटेची एसटी,
देवलापारला उतरून जीप,
जीप थांबली तिथून दोन तासांची पायवाट.
दर वीस पावलांवर बसायचे,
आणि बसण्याआधी त्या दगडाला
अंगठ्याने चोळून बघायचे.

वर काहीच नव्हतं.
सालईची पांढरी खोडं, जळून गेलेलं गवत
आणि खडक,
डबक्यात बसलेल्या म्हशींच्या पाठींसारखा, लांबपर्यंत.
दीडशे कोटी वर्षं, मी वाचून आले होते, ते सांगितलं.
त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.
"एवढा जाड," म्हणाले.
"एवढा जाड रायते हा?"

वाट दाखवायला आलेले बिसन धुर्वे
सावलीत बिडी शोधत होते.
"साहेब लोकायच्या गोण्या म्याच उतरवल्या," ते म्हणाले,
"पोट्टा होतो तवापासून. तीन रुपये रोज."
बाबा वळले.
"अन् गाठ कोण बांधे?"
"म्याच. वाटेत सुटली तं पैसे कापे साहेब."

बाबा हसायला लागले,
हसता हसता खोकायला,
आणि खोकला उतरेपर्यंत
धुर्वे त्यांची पाठ चोळत राहिले,
बिडी तशीच कानावर.

मग त्यांनी बाबांचा दुपट्टा मागून घेतला,
त्यात ओंजळभर चारं घातली,
आणि दाखवत दाखवत बांधली:
हा एक वेढा, हा खालून,
अन् हा दातात धरून ओढायचा.
दोनदा दाखवलं.
बाबांना जमलं नाही.

मी एक दगड उचलला होता, चकाकणारा,
अभ्रकाचा असावा.
"ठेव तिथंच," बाबा म्हणाले.
"खाली नेला की कोणी ना कोणी घासते त्याले."

आता दुपारभर कूलरपुढे
दुपट्टा मांडीवर घेऊन बसतात.
आतली चारं सुकली आहेत, हलवलं की वाजतात.
काल मी चाकू घेऊन गेले.
राहू दे, म्हणाले,
नखाने गाठीचा कोपरा चाचपत.
"कळंल बोटायले."